आम्ही कोणाला हंसलों?

शेरिडनचें ‘द स्कूल फॉर स्कँडल’ हें नाटक ८ मे १७७७ रोजीं लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहांत प्रथम झालें. परनिंदेवर कोरडे ओढणारें म्हणून तें प्रसिद्ध आहे. नुकतेंच तें पुन्हां वाचलें, आणि आमचें हंसूच आम्हांला संशयास्पद वाटूं लागलें. निंदेला हंसणें हें निंदेहून निराळें कशानें ठरतें?

लेडी स्नीअरवेलच्या दिवाणखान्यांत गैरहजर बायकांच्या अब्रूचीं लक्तरें निघतात: एकीच्या गालांवरचा रंग, दुसरीचा लठ्ठपणा, मिसेस एव्हरग्रीनचें वय. मारिया या विनोदाला विटते. प्रेक्षक (खरें सांगायचें तर) मारियालाच विटतो. आपल्या मनांत आकस नाहीं, ही निव्वळ गंमत, अशी सबब लेडी टीझल नवऱ्यापुढें सांगते. आमची सबब तरी दुसरी कोणती?

पांचव्या अंकांत मात्र वेगळें घडतें. सर पीटर द्वंद्वांत जखमी झाल्याची आवई उठते. एक म्हणतो तलवार, दुसरा म्हणतो पिस्तूल. गोळी शेक्सपिअरच्या छोट्या ब्राँझच्या पुतळ्यावर आपटून खिडकीबाहेर गेली व टपालवाल्याला लागली, इथवर तपशील येतो. इतक्यांत सर पीटर धडधाकट आंत येतात! येथें आम्ही निंदकांनाच हंसतों, कारण चौथ्या अंकांत काय घडलें तें आम्हांला ठाऊक असतें. दिवाणखान्यांत तसें नव्हतें. तेथें आम्ही त्यांच्याच पंक्तीला बसून हंसलों. मिसेस एव्हरग्रीन अखेरपर्यंत रंगभूमीवर येतच नाहीं, आणि तिच्या वयाविषयीं जें ऐकलें तें आम्हीं खुशाल खरें मानलें.