वारा, वेग आणि काटकसर

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रकृतीची विचारपूस करावी तितक्या सहजतेने विचारला जातो. लग्नाच्या मांडवात, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, पेट्रोल पंपाच्या रांगेत तो हमखास कानी पडतो. त्यात वावगे काही नाही. महिन्याच्या पगाराची तोंडमिळवणी करणाऱ्या कुटुंबाला लिटरमागे मिळणारा एकेक किलोमीटर मोलाचा असतो. शिवाय आपला देश गरजेच्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणतो. म्हणून इंधन वाचविणे हे गृहकर्तव्य आहे आणि देशकर्तव्यही आहे. परंतु वाचविण्याच्या प्रत्येक रीतीला आपण सद्गुण म्हणावे काय? काटकसर गाडीला शिकवायची की गाडी चालविणाऱ्याला? मोटारीवर वारा कापण्यासाठी घरच्या घरी केल्या जाणाऱ्या खटपटींच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

चालती गाडी सतत हवा बाजूला सारीत असते. हवा दिसत नाही म्हणून ती आपल्याला पोकळ वाटते. पण एक घनमीटर हवेचे वजन किलोभराहून अधिक भरते. ती सारण्यासाठी इंजिनाला इंधन जाळावे लागते. ठाण्याच्या खाडीवर येणारे रोहित पक्षी उडताना मान आणि पाय एका रेषेत ताणून धरतात. हौशी मंडळी आपल्या मोटारीला तेच वळण लावू पाहतात. कोणी पुढच्या जाळीचा काही भाग पुठ्ठ्याने वा प्लास्टिकच्या पत्र्याने बंद करतो, कोणी चाकांवर सपाट तबकड्या बसवितो, कोणी गाडीच्या पोटाखाली पत्रा ठोकून तळ गुळगुळीत करतो, तर कोणी मागे निमुळती शेपटी जोडतो.

हा निव्वळ वेडेपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेतील अभियंत्यांनी एका साध्या व्हॅनला पत्रे ठोकून तिला खोक्यासारखा काटकोनी आकार दिला, मग तिचे कोपरे टप्प्याटप्प्याने गोल करीत नेले. हवेचा रोध निम्म्याहून अधिक घटला. आज महामार्गांवर अनेक मालट्रकांच्या केबिनवर जो उतरता पत्रा दिसतो, तो अशाच प्रयोगांच्या कुळातला आहे. हाताने काही करून पाहण्याची, सृष्टीचे नियम समजून घेण्याची ही वृत्ती मुळात आदरणीयच आहे.

आता हे ज्ञान आपल्या रस्त्यावर आणून पाहू. नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी दिघा वसले आहे. येथून ठाणे-बेलापूर रस्ता कारखान्यांच्या कडेकडेने ऐरोली, रबाळे, घणसोली करीत तुर्भ्याकडे जातो. मालट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, रिक्षा आणि दुचाकी यांच्या गर्दीतून वाट काढीत मोटार चालते, थांबते, पुन्हा चालते. विज्ञानाचा नियम असा की, वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. सर्वसाधारण लहान मोटारीचे ढोबळ गणित मांडले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला हवेचा रोध टायरांच्या रोधाच्या दुप्पट भरतो. पण ताशी ४० किलोमीटरला तो टायरांच्या रोधाच्या निम्माच उरतो. म्हणजे ज्या दिघेकराची गाडी रोज सकाळी ऐरोलीपर्यंत रांगेत खोळंबते, त्याचे खरे भांडण वाऱ्याशी नाहीच. त्याचे इंधन पुन्हापुन्हा ब्रेक दाबण्यात आणि पुन्हापुन्हा वेग घेण्यात खर्ची पडते. त्याच्या गाडीला शेपटी लावणे म्हणजे ताप पोटात असताना कपाळाला लेप लावण्यासारखे आहे.

येथे पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो, तो सत्याचा. स्वतःच्या हाताने बसविलेला पत्रा लाभदायक ठरावा अशी माणसाची उत्कट इच्छा असते. पत्रा बसविल्यावर तो नकळत हळुवारपणे गाडी चालवितो, टायरांत हवा भरून घेतो, आणि वाढलेल्या ॲव्हरेजचे श्रेय मात्र पत्र्याला देतो. खरी परीक्षा घ्यावयाची तर तोच रस्ता, तोच वेग, तेवढेच ओझे ठेवून पत्र्यासह आणि पत्र्याविना अनेकदा मोजमाप करावे लागेल आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेले तरी ते स्वीकारावे लागेल. दुसऱ्याला फसविणे पाप आहे हे आपण मुलांना शिकवितो. स्वतःची सोयीस्कर फसवणूकही त्याच घराण्यातली आहे, हे शिकवावयाचे राहून जाते.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. दोऱ्या आणि चिकटपट्ट्यांनी अडकविलेला पत्रा भर रस्त्यात सुटला, तर तो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाटेत पडेल. एप्रिल-मेच्या उन्हात पुढची जाळी बंद केल्यास इंजिन तापेल. सायलेन्सरजवळ लावलेले प्लास्टिक पेट घेऊ शकेल. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम गाडीत मनमानी फेरबदल करण्यास मज्जाव करते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही, उत्पादकाने ठरविलेले मूळ स्वरूप बदलता येणार नाही, असा त्याचा अर्थ लावला. मोटारींच्या पुढे लावले जाणारे लोखंडी गज २०१७च्या डिसेंबरात केंद्र शासनाने याच कलमाच्या आधारे बेकायदा ठरविले. ते गाडीतल्यांना सुरक्षिततेचा भास देतात, पण पायी चालणाऱ्याला अधिक जबर इजा करतात. आपली गाडी आपली असली तरी रस्ता आपला एकट्याचा नाही, हेच या नियमाचे मर्म होय.

याहूनही वाईट एक क्लृप्ती आहे. मोठ्या ट्रकच्या अगदी पाठीशी गाडी ठेवली की समोरचा वारा तो ट्रक अडवितो आणि मागच्याचे इंधन वाचते. हे खरे आहे, आणि म्हणूनच ते मोहात पाडते. परंतु ट्रकने एकाएकी ब्रेक लावला तर? मागच्या आसनावर झोपलेले लेकरू त्या बचतीत कोणत्या रकान्यात मांडावयाचे? ज्या बचतीचा धोका दुसऱ्याच्या माथी जातो, तिला काटकसर म्हणू नये. ते दुसऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज असते.

मग इंधन वाचवावे तरी कसे? याचे उत्तर इतके साधे आहे की त्याचे कोणाला अप्रूप वाटत नाही. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ही १९७८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था सांगत आली आहे की, ताशी ८०ऐवजी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी चालविल्यास ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर कापता येते. घरी ठोकलेल्या पत्र्याने एवढे साधेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मोकळ्या रस्त्यावर ८०ऐवजी ६०ने गेले, तरी वर मांडलेल्या गणितानुसार हवा आणि टायर यांचा एकत्रित रोध जवळजवळ तीन दशांशाने उतरतो. त्यासाठी तीस किलोमीटरच्या प्रवासात किती वेळ अधिक द्यावा लागतो? अवघी साडेसात मिनिटे.

गोम नेमकी येथे आहे. पत्रा ठोकताना आपण गाडीला बदलण्यास सांगतो. वेग कमी करताना स्वतःला बदलावे लागते. साडेसात मिनिटे आधी उठणे, मागच्याने हॉर्न वाजविला तरी न चिडणे, पुढे गेलेल्याचा हेवा न करणे यासाठी पत्रा लागत नाही, संयम लागतो. आणि तो बाजारात मिळत नाही.

अर्थात, हा उपदेश सरसकट सर्वांना करता येणार नाही. दिघ्यातला जो टेम्पोचालक फेरीमागे पैसे घेतो, त्याची साडेसात मिनिटे त्याच्या मालकीची नसतात. माल अमुक वाजता पोहोचलाच पाहिजे असा हुकूम सोडणारा मालक आणि सामान आजच्या आज हवे म्हणणारे आपण ग्राहक, असे सारेच त्याच्या ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलेले असतो. तेव्हा त्याच्या वेगाचा जाब केवळ त्याला विचारणे अन्यायाचे होईल.

शेवटचा प्रश्न वाचलेल्याच्या विनियोगाचा. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवून दिले की, वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागल्यावर देशातला कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ती लोक अधिक वापरू लागले. आपलेही तसेच होते. ॲव्हरेज वाढले की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही आपण गाडी काढतो. २०२४च्या जानेवारीत दिघा गाव स्थानक सुरू झाले आणि ठाण्याला वा वाशीला लोकलने जाण्याची सोय दारात आली. एखादे दिवशी मोटार घरीच ठेवणे ही वाऱ्यावर मात करण्याची सर्वांत खात्रीची युक्ती होय.

पाश्चात्त्य नीतिपरंपरेत विवेकाला सद्गुणांचा सारथी म्हटले आहे; आपल्या कठोपनिषदातही बुद्धीला सारथ्याचे स्थान दिले आहे. रथ कितीही सुडौल असला तरी तो कोठे, किती वेगाने आणि कोणाला सांभाळून न्यावयाचा, हे सारथ्यालाच ठरवावे लागते. म्हणून हौशी हातांना नाउमेद करू नये. त्यांना योग्य कामाला लावावे. सहल संपली की छपरावरचा रिकामा कॅरियर उतरवावा, डिकीतले अनावश्यक ओझे काढावे, टायरांतील हवा नेमाने तपासावी, वेगात काचा बंद ठेवाव्यात. या गोष्टी कायद्यात बसतात, शेजाऱ्याला अपाय करीत नाहीत आणि लहान मुलांनाही हाताशी घेऊन करता येतात. आणि ते करीत असताना मुलाने विचारलेच की, ‘बाबा, आपली गाडी ॲव्हरेज किती देते?’ तर आकडा जरूर सांगावा. पण तो आकडा अर्धा गाडीचा असतो आणि अर्धा चालविणाऱ्याचा, हेही त्याच्या कानावर घालावे.