वेगळी कपबशी

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील कित्येक सुस्थित घरांत कामास येणाऱ्या बाईसाठीं एक वेगळी कपबशी ठेवलेली असते. तिचा खोकला दोन आठवडे थांबला नाहीं, तर ती कपबशी आणखी दूर सरकते. आणि तपासणींत क्षय निघाला, तर "आतां येऊं नकोस" एवढाच निरोप तिला मिळतो. घरांत मुलें आहेत, वृद्ध आहेत, त्यांचें रक्षण करणें हा गृहस्थाचा धर्म होय, असें ह्याचें समर्थन केलें जातें. हें समर्थन नीतीच्या कसोटीस कितपत उतरतें, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

भीति सर्वस्वीं खोटी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८२ सालीं क्षयाचा जंतु दाखवून दिला, तेव्हांपासून हा रोग संसर्गजन्य आहे ह्याविषयीं वाद उरला नाहीं. परंतु तो उष्ट्या भांड्यांतून पसरत नाहीं. रोगी खोकतांना हवेंत जे सूक्ष्म कण उडतात, त्यांतून पसरतो. औषध लागू पडलें म्हणजे हें भय थोड्याच आठवड्यांत पुष्कळ ओसरतें. मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या प्रयोगांत घरीं राहून औषध घेणारे रोगी सॅनिटोरियममधील रोग्यांइतकेच, जवळजवळ त्याच प्रमाणांत, बरे झाले. आणि त्यांच्या घरच्यांस त्यामुळें अधिक लागण झाली नाहीं. म्हणजे, ज्या कपबशीला आम्ही जपतों तिचा रोगाशीं संबंध नाहीं, आणि जी हवा रोग वाहते तिचा विचार आम्ही करीत नाहीं.

तो करूं गेल्यास प्रथम हें विचारावें लागेल कीं, अशी बाई राहते कोठें? रेल्वेमार्ग व रस्ते वाढविण्यासाठीं हलविलेल्या अनेक कुटुंबांस मानखुर्दचें लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचें नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत घरें मिळालीं. तेथें दोन इमारतींमधील अंतर कोठें कोठें जेमतेम ३ मीटर आहे. ऊन व वारा न पोहोंचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षय अधिक आढळतो, असें २०१८ सालीं पुढें आलेल्या एका पाहणींत दिसून आलें. ज्या मार्गांवरून आम्ही रोज कचेरीस जातों, ते मोकळे करण्यासाठीं जीं बिऱ्हाडें उठलीं, त्यांच्या वांट्यास ही हवा आली. तेव्हां रोग तिनें आमच्या घरीं आणला, असें म्हणण्यापूर्वीं तो तिला कोणाच्या सोयीपायीं मिळाला, हें पाहावयास नको काय?

कोणी म्हणेल, "शहराच्या रचनेचें पाप आमच्या एकट्याच्या माथीं कां? माझें मूल आजारी पडलें तर?" प्रश्न रास्त आहे. डॉक्टर सांगतील तोंवर तिनें घरीं राहावें, हें योग्यच. परंतु पगार चालू ठेवून "विश्रांति घे" म्हणणें आणि पगार तोडून "येऊं नकोस" म्हणणें, ह्या दोहोंत फार अंतर आहे. खरें सांगितल्यानें पोट बुडतें, असें एकीच्या अनुभवावरून दुसरी शिकते. मग ती खोकला दडविते, किंवा सहा महिन्यांचें औषध मध्येंच सोडते, आणि औषधास न जुमानणारे जंतु बळावतात. २०१२ सालापासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणें डॉक्टरांस बंधनकारक आहे. पण भ्यालेला मनुष्य डॉक्टरकडे गेलाच नाहीं, तर नोंद व्हावी कशी?

शिवाय अन्न हेंही ह्या रोगावरील प्रतिबंधक आहे. झारखंडांत रोग्यांच्या घरच्यांस अधिक पौष्टिक शिधा दिला असतां त्यांच्यांतील नव्या क्षयाचें प्रमाण सुमारें ४० टक्क्यांनीं घटलें, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसलें. सरकार रोग्यास आहारासाठीं महिना ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देतें. पगार तुटलेल्या घरांत तेवढ्यानें किती दिवस भागेल, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, येथें दया व स्वसंरक्षण ह्यांत विरोध नाहीं. तिचा पगार चालू ठेवावा, औषध पुरें झालें कीं नाहीं ह्याची आपलेपणानें चौकशी करावी, घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या. आणि ती बरी होऊन परत आली म्हणजे तिचा चहा घरांतल्याच कपांतून द्यावा.