न घडलेल्या अनर्थाचे श्रेय

अनर्थ घडला की त्याची बातमी होते. तो कुणी घडू दिला नाही तर काहीच होत नाही. दिवस नेहमीसारखा मावळतो. म्हणूनच आग विझवणाऱ्याचा सत्कार होतो, आणि रात्री निजण्यापूर्वी गॅस बंद आहे ना हे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या गृहिणीचा कुणी करत नाही. अनर्थ टाळणाऱ्याच्या कामाचे मोल समाजाने करावे का, आणि करावे तर कसे? या प्रश्नाकडे मी वळलो तो औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या निमित्ताने.

बेळगावला हे शिक्षण नवे नाही. केएलई संस्थेचे फार्मसी कॉलेज १९६८ सालचे. सीमाभागातली कितीतरी मराठी मुले हा विषय शिकून कुणी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत गेली, कुणी गोव्याच्या कारखान्यांत, तर कुणी गावातच औषधाचे दुकान घालून बसली. त्यांना शिकवणाऱ्यांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक शिकवतोही आणि रुग्णही तपासतो. त्यामुळे गावाला तो ‘डॉक्टर’ म्हणून ठाऊक असतो. फार्मसीच्या प्राध्यापकाचे तसे नाही. प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनी १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचा पाया घातला, तेव्हापासून आपल्याकडे त्याचे तोंड प्रयोगशाळेकडे आणि कारखान्याकडे राहिले. औषध शिकवले जाई. ते घेणारा माणूस अभ्यासक्रमाच्या बाहेर उभा असे.

२००८ साली फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला. पाच वर्षे अध्ययन, एक वर्ष रुग्णालयात काम, आणि कॉलेजशी किमान तीनशे खाटांचे रुग्णालय जोडलेले असण्याची अट. प्राध्यापक विद्यार्थ्यांसह वॉर्डात जाऊ लागले.

तिथे ते काय करतात? टिळकवाडीतच राहणाऱ्या एक प्राध्यापिका माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या बोलण्यातून मला जे उमगले ते असे. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाला कुणी सांधेदुखीची गोळी जोडली, तर आत रक्तस्राव होण्याची भीती असते. मूत्रपिंड अधू असलेल्याला काही औषधे कमी प्रमाणात द्यावी लागतात. केसपेपर वाचताना हे ध्यानात येते, डॉक्टरांच्या कानावर घातले जाते, औषध बदलते. आठ दिवसांनी रुग्ण डॉक्टरांचे पाय धरून घरी जातो. त्यात गैर काही नाही. पण आपल्या केसपेपरवर आणखी एका माणसाची नजर फिरली होती, हे त्याला कधीच कळत नाही.

आपल्या भागात याला भाषेचीही एक गाठ आहे. संधिवातावर मेथोट्रेक्सेटची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेतते. आता कानडीत ‘वार’ म्हणजे आठवडा, आणि मराठीत ‘वार’ म्हणजे सोमवार-मंगळवारमधला एक दिवस. ‘वारक्के ओंदु’ हे शब्द अर्धवट कानडी समजणाऱ्या मराठी आजीच्या कानी पडले, तर ती ‘वाराला एक’ असे ऐकेल आणि इमानेइतबारे रोज एक घेईल. सांगणारा खरे बोलला, ऐकणारीने नीट ऐकले, तरी घात झाला! दोन्ही भाषा जाणणाऱ्याने ‘फक्त सोमवारी, बाकी दिवस नाही’ असे तिच्या मराठीत सांगितले, तर तो टळतो. भाषेवरून आपण या भागात पुष्कळ भांडलो. खाटेशेजारी मात्र भाषा हा औषधाच्या मात्रेचाच भाग असतो.

आता हिशेबाकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. शोधनिबंधांना, परिषदांना, पुस्तकांना गुण मिळू लागले. नियम पुढे बदलले. मोजण्याची सवय राहिली. छापलेला निबंध मोजता येतो. आजीने रोज न घेतलेली गोळी कशी मोजणार?

म्हणून प्रयोगशाळेला कमी लेखावे असे मी म्हणणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. तेच विष २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघाले. वेळीच नमुना तपासला असता तर ते जीव वाचते. तेव्हा परीक्षानळी घेऊन बसलेला आणि खाटेशेजारी उभा असलेला, दोघेही एकाच जातीचे राखणदार आहेत.

कुणी म्हणेल, फळाची आशा न धरता काम करावे, हीच आपली शिकवण ना? खरे आहे. पण निष्काम वृत्ती स्वतः पाळायची असते. दुसऱ्याकडून वसूल करायची नसते. कर्त्याने श्रेय मागू नये हे त्याला शोभते. संस्थेने ते देऊ नये हे संस्थेला शोभत नाही. श्रेय न देण्यात दुसराही धोका आहे. ज्या कामाला मान नाही त्याकडे हुशार विद्यार्थी वळत नाहीत, आणि राखण सुटली की अनर्थ आत येतो.

टिळकवाडीकर व्हॅक्सिन डेपोला ओळखतात ते सकाळी फिरायची जागा म्हणून. ब्रिटिश अमदानीत तिथे देवीची लस तयार होई. देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. माझ्या पिढीच्या दंडावर त्या लशीचे वण आहेत. नातवंडांना ते का असतात, हे सांगावे लागते. तिथे लस करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला ठाऊक नाही, आणि झाडाखाली बसणाऱ्या कुणाला ते असेल असे वाटत नाही. काम इतके पुरे झाले की त्याची आठवणही उरली नाही.

रुग्णालयांनी अशा दुरुस्त्यांची वही ठेवावी आणि बढतीच्या वेळी ती उघडावी, इतके तर सहज करता येईल. आपणही एक करू शकतो. औषधे हाती घेताना पैसे देऊन लगेच वळू नये. ‘हे कसे घ्यायचे, नीट सांगा’ असे आपल्या भाषेत विचारावे. २०१५ च्या नियमांप्रमाणे सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे. कुणी विचारले, म्हणजे आपल्या ज्ञानाची गरज आहे, एवढे तरी त्याला कळेल.