शेजारधर्म किती कोसांचा?

आपल्या अंगणातील केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटू नये, हे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु तोच केर इतका बारीक केला आणि इतक्या उंचावरून उधळला की तो कोणाच्याच अंगणात ओळखू येऊ नये, तर दोष उरतो की नाहीसा होतो? कारखान्याच्या उंच धुरांड्याने आपल्यापुढे टाकलेला प्रश्न हाच आहे, आणि वरकरणी वाटतो तितका तो सोपा नाही.

कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात सडबरी नावाचे खाणींचे शहर आहे. निकेल व तांबे ह्यांचे गंधकयुक्त खनिज तेथे अनेक दशके भाजले व वितळविले गेले. त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूने भोवतालच्या टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या, खडक काळवंडले. तेव्हा ३८१ मीटर उंचीचे धुरांडे उभारण्यात आले व १९७२ मध्ये ते चालू झाले. शहरातील हवा सुधारली. तेथे श्वास घेणाऱ्या माणसाला तो दिलासा लहान नव्हता, आणि त्याची कुचेष्टा करण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपणांस नाही. पण वायू नाहीसा झाला नव्हता. तो लांब जाऊ लागला होता. वाऱ्यावर प्रवास करताना त्याचे आम्ल बनते आणि ते पाऊस व हिम ह्यांबरोबर दूरच्या तळ्यांत उतरते. खरी सुधारणा पुढील दशकांत झाली, ती गंधक कारखान्यातच अडविल्यामुळे. इतकी की २०२० मध्ये ते प्रचंड धुरांडे वापरातून काढण्यात आले.

युरोपातही असेच घडले. १९५२ च्या डिसेंबरात लंडन विषारी धुक्यात गुदमरले, १९५६ मध्ये कायदा झाला, आणि पुढे इंग्लंडची मोठी वीजकेंद्रे शहरांबाहेर उंच धुरांड्यांनिशी उभी राहिली. १९६७ मध्ये स्वान्ते ओदेन ह्या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने आपल्या देशातील आम्लयुक्त पावसाचा माग परदेशांच्या धुरापर्यंत काढला. १९७९ मध्ये जिनीव्हा येथे राष्ट्रांना ह्याविषयी करार करावा लागला.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. समुद्रात तांब्याभर मीठ टाकल्याने समुद्र बिघडत नाही. विष पुरेसे विरळ झाले तर ते विष राहत नाही. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. चुनखडीच्या प्रदेशातील तळे बरेचसे आम्ल पचविते. ग्रॅनाइटच्या खडकावरील तळ्याला तेच आम्ल सोसत नाही आणि त्यातील मासे मरतात. म्हणजे अपाय झाला की नाही, हे देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, धुरांड्याच्या उंचीवरूनही ठरत नाही. ते घेणाऱ्याच्या सोसण्याच्या शक्तीवरून ठरते. मग परीक्षा घेणाऱ्याच्या दारी जाऊनच करावयास हवी.

आपल्याकडे ती कशी होते? २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरणावरील परिणाम आधी तपासावा लागतो. अभ्यासाचे क्षेत्र सामान्यतः १० किलोमीटर त्रिज्येचे धरतात आणि हवेची मोजणी बहुधा पावसाळा वगळून एका ऋतूची असते. धूर मात्र ऋतू पाहून थांबत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून व ईशान्येकडून येणारा वारा पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वाहतो. एका ऋतूत जे गाव निर्धास्त, तेच दुसऱ्या ऋतूत वाऱ्याच्या वाटेवर येते. शिवाय अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे मानधन प्रकल्पाचा धनीच देतो. (वधूपित्याने नेमलेल्या ज्योतिषाकडून पत्रिका जुळवून घेण्यासारखेच हे.)

धुरांड्याच्या उंचीचा आपला नियमही उद्बोधक आहे. ताशी १०० किलो सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्यास सुमारे ५६ मीटर उंची लागते. ताशी १,००० किलो सोडणाऱ्यास सुमारे १११. वायू दसपट, उंची दुप्पट! ५०० मेगावॅट व त्याहून मोठ्या वीजसंचांना २७५ मीटर उंचीचे बंधन आहे. २०१५ मध्ये वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या ह्या वायूवर प्रत्यक्ष मर्यादा घालण्यात आली. परंतु जुलै २०२५ मध्ये कोळशाच्या बहुसंख्य वीजकेंद्रांना तीतून सूट मिळाली, ती धुरांडे नियमाइतके उंच असावे ह्या अटीवर. वायू धुऊन काढणारी यंत्रे महाग आहेत आणि भारतीय कोळशात गंधक कमी असते, ही कारणे खोटी नाहीत. तरीही ह्या निर्णयात उंचीने पुन्हा एकदा स्वच्छतेची जागा घेतली, असे मला वाटते.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांची शेतीवाडी वा आप्तेष्ट कारखान्यांच्या आसपासच्या गावांत आहेत. तेथे जनसुनावणी होणार असल्यास किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. तो मागून घ्यावा. वाऱ्याची मोजणी कोणत्या महिन्यांत केली, आणि दहा किलोमीटरांपलीकडे पहिले तळे, पहिली विहीर कोणाची, हे तेथे उभे राहून विचारावे. सुनावणीस गणसंख्येची अट नाही. एकही ग्रामस्थ आला नाही तरी ती झाली असे धरले जाते.