संशयाचा फायदा

१९९८ साली सुरू झालेली ‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका आठवते ना? आपले शिवाजी साटम तीत एसीपी प्रद्युम्न झाले होते, म्हणून आम्हां नागपूरकरांना तिचे कौतुक अंमळ अधिकच. अशा गुन्हेकथेत आधी एखाद्या निरपराध माणसावर आळ येतो. तो कावराबावरा होतो, आपण हळहळतो, आणि घटकाभरात खरा गुन्हेगार सापडून आळ फिटतो. पण त्या माणसाच्या नोकरीचे, ठरलेल्या सोयरिकीचे पुढे काय झाले? ते कुणी दाखवीत नाही आणि आपणही विचारीत नाही.

आळ खरोखर फिटतो काय?

२००३ साली जालना जिल्ह्यात एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर आरोपी ठरले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने पुढे आपला निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता! प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून निराळीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा माग कुणी काढलाच नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. सोळा वर्षांचा हिशेब पाच लाखांत कसा मांडावा, हे गणित शिकवणाऱ्या मास्तरालाही सांगता यायचे नाही.

कुणी म्हणेल, संशय घेतल्यावाचून चोर सापडेल कसा? खरे आहे. शोधाची सुरुवात संशयानेच होते. पण संशय जेव्हा शोध थांबवतो, तेव्हा तो अन्याय होतो. आणि तो थांबतो कुठे? जिथे थांबणे सोयीचे असते तिथे. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याच्या दाराशी. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. मनांतला कायदा मात्र कुणी रद्द केला नाही. वर्गात कंपासपेटी हरवली की चाळीस मुलांची नजर न सांगता एकाच बाकाकडे वळते. त्या बाकावर बहुधा विटक्या सदऱ्याचे पोर असते. हे त्या मुलांना पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नाही.

आपली भाषाही पाहा. न्यायालय म्हणते ‘निर्दोष’, आपण म्हणतो ‘सुटला’. जाळ्यातून मासा सुटावा, तसा सुटला! न्यायालय संशयाचा फायदा आरोपीला देते. आपण पारावरची माणसे मात्र तो स्वतःकडे ठेवतो, कारण दुसऱ्यावर संशय घेतला की आपण आपोआप सज्जन ठरतो. याहून स्वस्त पुण्य नाही.

पडद्यावरच्या निरपराध्याला वाचवणे सोपे असते. त्याची कथा लिहिणाऱ्याला खरा गुन्हेगार आधीच ठाऊक असतो. आपल्या गल्लीतल्या माणसाची कथा अशी कुणी लिहून ठेवलेली नसते. त्याच्यासाठी आपल्या हाती एवढेच आहे: खात्री होईतो जीभ आवरावी, आणि तो निर्दोष ठरला, तर ‘सुटला’ न म्हणता आपण होऊन त्याच्या घरी चहाला जावे. आळ न्यायालयात पुसला जात असेल. फिटतो तो शेजारात.