विटका काळा

चि. भाचीस,


नवेगाव बांधचे फोटो मिळाले. पहाटेचा तलाव, धुकं, काठावरचे पाणकावळे, पलीकडे डोंगर. जागा आणि वेळ दोन्ही तू अचूक साधलीस. तक्रार तू स्वतःच लिहिली आहेस: हवा होता जुन्या फोटोंतला फिका, विटका काळा, आणि हाती आला राखेचा लगदा.

तू ‘ब्लॅक्स’चा स्लायडर उजवीकडे ढकलला असणार. सगळे तेच करतात. त्याने सावलीत दडलेलं वर येतं, ऐनाच्या खोडावरच्या भेगा दिसू लागतात. ते कामाचंच आहे, पण काळा विटवण्याचं काम त्याचं नाही. ते होतं कर्व्हमध्ये. कर्व्हच्या तिरप्या रेघेचं डावं टोक म्हणजे फोटोतला सर्वांत गडद काळा. 0 ते 255 या मोजपट्टीवर तो शून्यावर असतो. ते टोक सरळ वर उचल, वीस-पंचवीसपर्यंत. आता त्या फोटोत खरा काळा कुठेच उरला नाही. जो सर्वांत गडद, तोही करडा. मग थोडं उजवीकडे दुसरा ठिपका ठेवून रेघ पुन्हा मूळ जागेवर ओढून आण. हा दुसरा ठिपका लोक विसरतात. त्यामुळे मधले उजेडही वर सरकतात आणि सगळं चित्र मिळमिळीत दिसतं. मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्येही कर्व्ह आहे, त्यासाठी महागडं काही घेऊ नकोस.

एक लक्षात ठेव. टोक उचलल्याने हरवलेला तपशील परत येत नाही. जिथे मूळ फाइलमध्ये शून्य आहे तिथे सपाट करडा डागच येणार. म्हणून आधी सावल्या उघडायच्या, काय शिल्लक आहे ते पाहायचं आणि मग काळा विटवायचा.

रंग कमी करायला तू लगेच ‘सॅच्युरेशन’कडे धावतेस. थांब. झाडीतला एखादा गडद हिरवा घे: लाल 10, हिरवा 30, निळा 10. हिरवा इतरांच्या तिप्पट. तिन्ही रंगांचा एकत्र कर्व्ह पंचविसापर्यंत उचलला की हेच आकडे साधारण 34, 52, 34 होतात. हिरवा आता दीडपटच उरला. म्हणजे काळा उचलताना सावलीतला रंग आपोआप निम्म्यावर आला. त्यावर तू आणखी सॅच्युरेशन खाली ओढलंस, म्हणून जंगल मेलं. पाणकावळ्याच्या काळ्या पिसांवर उन्हात हिरवट-निळसर झाक असते, तीही गेली. फारच वाटलं तर झाडीतला हिरवा तेवढा थोडा उतरव, बाकीच्यांना हात लावू नकोस.

आता खरी गोष्ट. नवेगावच्या तलावावर हेच काम धुकं करतं, आणि तुझ्या कर्व्हपेक्षा शहाणपणाने करतं. हवेतले थेंब उजेड विखुरतात, तो विखुरलेला उजेड प्रत्येक गडद वस्तूवर चढतो आणि काळा फिका होतो. मात्र जितकं अंतर जास्त, तितका तो अधिक चढतो. काठावरचा पाणकावळा जवळजवळ काळा, पाण्यातला खुंट करडा, पलीकडचा डोंगर नुसता निळसर. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरांमधल्या खिंडी बांधून हा तलाव केला. म्हणून तर पाळीवर उभं राहिलं की पाण्यामागे डोंगराच्या रांगा एकामागे एक दिसतात. त्या रांगांमधलं अंतर तुला फुकट मिळालेलं आहे. कर्व्ह मात्र जवळचं-लांबचं ओळखत नाही, सगळ्यांना सारखाच फिका करतो. पाणकावळा आणि डोंगर एकाच करड्यावर आले की तलाव आटल्यासारखा दिसतो.

म्हणून माझं मत असं: धुक्याच्या फोटोत कर्व्ह दहा-बारापेक्षा वर नेऊ नये आणि जवळचा पक्षी मास्क लावून त्यातून वगळावा. पंचवीस-तीसची चैन दुपारच्या कडक उन्हातल्या फोटोंसाठी ठेव. गावातली कौलारू घरं, बाजार, मंडईतली गर्दी, तिथे सावल्या टोचतात आणि विटका काळा शोभतो.

जुन्या अल्बमचा रंगच हवा असेल, तर तो नुसता करडा नसतो. कृष्णधवल प्रिंट नीट धुतली गेली नाही, कागदात हायपो, म्हणजे प्रिंट पक्की करणारं रसायन, राहिला, तर ती पिवळट-तपकिरी होत विरते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आमच्या पिढीने भरपूर वापरला. त्या काळच्या घरगुती प्रिंट आजही पेटीत पाहा, हाच प्रकार दिसेल. रंगीत प्रिंटमधले रंग एका वेगाने उडत नाहीत, पुष्कळ जुन्या प्रिंटमध्ये निळसर-हिरवा आधी जातो आणि काळा लालसर होतो. तशी छटा हवी तर लाल रंगाचा कर्व्ह निळ्यापेक्षा किंचित वर उचल. पण नवेगावच्या पहाटेला ती लाली कशाला? तिथला करडा थंड असतो. नवेगाव बांधची ओळख आपल्या बऱ्याच जणांना मारुती चितमपल्लींच्या लेखनातून झाली. त्यांचं वाचून गेलेला माणूस तिथे शिळी लाली पाहून चक्रावेल.

छापायचं असेल तर आणखी एक. मॅट कागदाचा काळा मुळातच ग्लॉसीपेक्षा फिका उठतो. पडद्यावर बेताचा वाटलेला विटका काळा कागदावर दुप्पट विटलेला दिसेल. छपाईची फाइल वेगळी ठेव आणि तिच्यात कर्व्ह निम्म्यावर आण.

पाणकावळ्याचा फोटो मूळ फाइलसकट पाठव, तुझ्या हातची नवी आवृत्तीही सोबत दे. फिल्टर लावलेली नको.

तुझा,
मामा