फलाट संपतो तिथून

चित्रकलेच्या एलिमेंट्री परीक्षेत स्मरणचित्राला ‘रेल्वे स्टेशन’ हा विषय आला, की जवळपास सगळीकडे एकच चित्र तयार होतं. तिरका जाणारा फलाट, छताचे खांब, वर टांगलेलं घड्याळ, डोक्यावर बॅग घेतलेला लाल शर्टातला हमाल, किटली धरलेला चहावाला, पाठमोरी बाई आणि तिचं बोट धरलेलं मूल. गाडी अर्धी कागदाबाहेर. कोकणातला मुलगा हे काढतो, मराठवाड्यातली मुलगी हेच काढते आणि मनमाडची पोरंही हेच काढतात. भुसावळ, इगतपुरी, दौंड आणि नांदेड अशा चारी दिशांच्या गाड्या ज्यांच्या गावात येतात, त्यांच्या कागदावरही स्टेशन उतरतं ते मार्गदर्शक पुस्तकातलंच. निसर्गचित्राचंही तेच. अंकाई-टंकाईचे सपाट माथे आणि हडबीची शेंडी समोर उभी असते, पण कागदावर येतात ते त्रिकोणी डोंगर.

मनमाडहून नाशिकला चित्रकला शिकायला जायला लागल्यापासून ‘नवीन विचार करा’ हे रोज ऐकते. पंचवटी एक्सप्रेसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, की मनात तेच चालू असतं. पूर्वी वाटायचं, नवा विचार म्हणजे कुणाला न सुचलेलं काहीतरी आपल्याला सुचणं. आता असं वाटतं, की आधी त्या तयार चित्राकडे नीट बघावं आणि त्यात कोण नाही ते शोधावं.

सुधीर पटवर्धनांची चित्रं मला म्हणून फार जवळची वाटतात. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेला, ठाण्यात बरीच वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेला हा माणूस चित्रकलेच्या शाळेत कधी गेला नाही. त्यांनी लोकलमधली माणसं काढली, इराण्याच्या हॉटेलात बसलेली माणसं काढली, ठाण्याच्या टेकड्यांवर चढत गेलेली घरं काढली. ती माणसं देखणी नाहीत आणि केविलवाणीही नाहीत. त्यांच्या शरीराला वजन आहे. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाचे खांदे कसे पडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आणखी एका गोष्टीसाठी मला त्यांचा आदर वाटतो. 2008-09 च्या सुमारास त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरवलं. मूळ चित्र बघायला प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागू नये, हा विचार मुंबईबाहेरच्या विद्यार्थ्याला किती मोठा वाटतो, ते आम्हालाच ठाऊक.

प्रभाकर पाचपुते यांचं काम वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचतं. त्यांचा जन्म 1986 चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा. गाव कोळशाच्या खाणीचं, घरातल्या पिढ्या खाणीत राबलेल्या. त्यांनी चित्रांसाठी हातात घेतला तो कोळसाच. भिंतीच्या भिंती चारकोलने भरून टाकल्या. 2012 मध्ये मुंबईत क्लार्क हाऊसला त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं आणि 2021 मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यातले ते एक. वेल्सही खाणींचा मुलूख. चंद्रपूरच्या पोराने तिथल्या खाणकामगारांचा इतिहास आपल्या गावाशेजारी आणून ठेवला. त्यांच्या चित्रांतल्या कित्येक माणसांना डोकी नसतात, डोक्याच्या जागी एखादी वस्तू असते. मी ती पहिल्यांदा पाहिली ती छापील कॅटलॉगात, आणि कितीतरी वेळ पान उलटवलं नाही. यंत्रणेने माणसाचं काय केलंय हे सांगायला एका शब्दाचीही गरज उरलेली नव्हती.

पण इथे एक धोका आहे. पाचपुत्यांनी कोळसा घेतला, तर मनमाडच्या मुलीने बारदान घ्यावं, हे फार चटकन सुचतं. आमच्याकडे अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत. बारदानावर राज्याचं नाव, खरेदी करणाऱ्या यंत्रणेचं नाव, हंगामाचं साल छापलेलं असतं. रंग आणि पोत तर बघत राहावा असा. पण घानाच्या इब्राहिम महामा या कलावंताने कोकोची जुनी पोती एकमेकांना शिवून इमारती झाकल्या आणि 2015 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेतल्या उंच भिंतीही झाकल्या. ती पोती ज्या हातांतून गेली त्यांच्या खुणा त्याने पुसल्या नाहीत. त्याच्या पोत्यांत त्याच्या देशाचा व्यापार आहे. मी नुसतं पोतं घेतलं, तर माझ्याकडे पोतंच उरेल. साहित्य उसनं घेता येतं, त्यामागची अडचण उसनी घेता येत नाही.

चित्रकार प्रभाकर बरवे या बाबतीत कडक गुरू आहेत. त्यांनी घेतलेल्या वस्तू अगदी साध्या: पान, घड्याळ, डबा. रंग पुष्कळदा एनॅमल, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात त्या जातीचा. विणकर सेवा केंद्रात नोकरी करता करता त्यांनी वर्षानुवर्षं वह्या भरल्या, त्यांत चित्र आणि विचार शेजारी शेजारी. 1990 चं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ माझ्या उशाशी असतं. वस्तूभोवती किती जागा मोकळी सोडायची हा त्यांच्यासाठी सजावटीचा प्रश्न नव्हता. एखादं पान सगळ्या पानांपासून सुटं केलं, की त्याचं काय होतं, हे ते शांतपणे तपासत राहिले. माझ्या पिढीला हा धीर कमी आहे. काम पुरं व्हायच्या आत त्याचा फोटो आम्ही दाखवून मोकळे होतो.

माझी अडचण कोणती, याचं उत्तर मला गावाच्या इतिहासात सापडलं. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं त्यांनी सांगितलं ते इथेच. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली एक अगदी बारीक गोष्ट मांडली होती. अस्पृश्य कामगार रुळांच्या देखभालीवर गँगमन म्हणून लागतो आणि वर्षानुवर्षं गँगमनच राहतो. स्टेशनावर पोर्टर म्हणूनही त्याला सहसा घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि घरात त्याचा विटाळ होतो.

हे वाचलं आणि ते परीक्षेतलं स्टेशन माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. फलाटाची कड जिथे संपते तिथेच आमचा कागदही संपायचा. त्या गँगमनला फलाटावर येऊ दिलं नव्हतं, आणि आमच्या चित्रानेही त्याला आत घेतलं नाही.

आता पंचवटीतून जाताना मी फलाटाच्या पुढे बघते. गाडी येते तशी ट्रॅकवरची माणसं बाजूला सरकून उभी राहतात, नारिंगी जाकिटं, खांद्यावर पहार. रूळ तपासणारा कीमन एकटाच चालत असतो, हातोडा आणि पाना घेऊन. वाकून क्लिपवर हातोडा मारतो, ती नीट बसली याची खात्री करतो आणि पुढच्या स्लीपरकडे जातो. गाडीच्या वेगात त्याचा चेहरा मला कधीच नीट दिसत नाही. 1938 मध्ये इथे जमलेल्या गँगमनचे चेहरे तर मला माहीतच नाहीत. मनाने चेहरे काढले तर ते खोटे होतील. पाचपुत्यांसारखी डोकी काढून टाकली तर ते त्यांचं उत्तर होईल, माझं नाही.

सध्या मी पायांवर आले आहे. दोन स्लीपरमधलं अंतर साधारण 60 सेंटिमीटर असतं. नेहमीच्या पावलाला ते आखूड पडतं आणि एक स्लीपर सोडून पाऊल टाकावं तर ढांग फार लांब होते. म्हणून रुळावर रोज मैलोन् मैल चालणाऱ्या माणसाची चाल बदलते, गुडघा किंचित वाकलेला राहतो, टाच पुरती टेकत नाही. ही चाल मी वहीत उतरवते आहे, आणि उभ्या माणसाचे, वाकलेल्याचे, पहार उचललेल्याचे पायही. लांब कागदाची गुंडाळी आणली आहे. त्यावर मोजून 60-60 सेंटिमीटरवर स्लीपर आखायचे, तेव्हाचे लाकडी आणि आताचे सिमेंटचे, आणि त्यांवरून ही पावलं न्यायची. लाकडावरची पावलं अनवाणी काढायची की चपलेतली, एवढं अजून ठरायचं आहे. त्यासाठी गावातल्या जुन्या रेल्वे कामगारांना भेटायला सुरुवात केली आहे.